पावसाच्या अख्ख्या अ‍ॅरेवर अटी लावायच्या आहेत: नम्पायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) काय वापरू?

कोरडवाहू:
हवामान विभागाचा ०.२५ अंशाचा दैनिक पाऊस. एका वर्षाचा अ‍ॅरे ३६५ दिवस × १२९ × १३५ चौकटी, म्हणजे सुमारे ६३.५ लाख आकडे, फ्लोट३२ (३२ बिटांचे दशांश आकडे). वर्ग पाडायचेत: २.५ मिमीपासून हलका, १५.६ मध्यम, ६४.५ मुसळधार, ११५.६ अति मुसळधार, २०४.५ अत्यंत मुसळधार. माहिती नसलेल्या चौकटींत -९९९ आहे. इफ लावला की 'ट्रुथ व्हॅल्यू अ‍ॅम्बिग्युअस'चा एरर येतो. लॅपटॉप ८ जीबी, नम्पायशिवाय काहीही इन्स्टॉल करता येणार नाही.

लूपतोड्या:
इफला एकच खरं-खोटं लागतं, तुम्ही ६३ लाख देताय. व्हेअर फंक्शन वापरा: अट, खरी असेल तर काय, खोटी असेल तर काय. दोन अटी जोडायला 'अँड' नाही, & लागतो, आणि प्रत्येक अट कंसात हवीच. कंस नसतील तर > च्या आधी & सोडवला जातो.

जीपीयूप्रेमी:
कुपाय (ग्राफिक्स कार्डावर चालणारं नम्पायसारखंच) टाका, १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड घ्या. कोड जवळजवळ तोच राहतो.

कोरडवाहू:
इन्स्टॉल करता येत नाही, वर लिहिलंय.

सहा_खाने:
पाच व्हेअर एकात एक घातलेत तर कंस मोजत बसाल. सिलेक्ट घ्या: अटींची यादी, उत्तरांची यादी, आणि एकही अट खरी नसेल तेव्हाचा डिफॉल्ट. पहिली खरी ठरलेली अट जिंकते, म्हणून २०४.५ सगळ्यात आधी. डिफॉल्ट -१ द्या. नाही दिला तर तो ० धरतो आणि -९९९ वाल्या चौकटी बिनबोभाट कोरड्या ठरतात.

सीमारेषा:
सिलेक्टला +१. पण हवामान विभागाच्या तक्त्यात हलका १५.५ पर्यंत छापलाय म्हणून '२.५ ते १५.५' अशी अट लिहू नका. ग्रीडमध्ये १५.५७ सुद्धा असतो, तो दोन्ही वर्गांच्या फटीतून डिफॉल्टमध्ये पडेल. फक्त खालची हद्द लिहा.

लूपतोड्या:
अवांतर: व्हेअर दोन्ही बाजू आधी पूर्ण मोजतो. शून्याचा लॉग टाळायला अट घातली तरी वॉर्निंग येतेच. लॉग फंक्शनलाच 'व्हेअर' पर्यायात अट द्या, सोबत 'आउट' म्हणून शून्यांचा अ‍ॅरे. आउट विसरलात तर त्या जागी मेमरीतला कचरा राहतो.

एका_ओळीत:
एवढं कशाला? डिजिटाइझ फंक्शनला पाच हद्दी द्या, ० ते ५ मिळतात.

सीमारेषा:
दोन खड्डे आहेत. नॅन ('आकडा नाही' अशी खूण) असेल तर तो थेट ५ मध्ये, म्हणजे 'अत्यंत मुसळधार'! आणि हद्दींची यादी फ्लोट६४ होते. फ्लोट३२ मधला ११५.६ प्रत्यक्षात ११५.५९९९९८ आहे, त्यामुळे तो एक वर्ग खाली घसरतो. हद्दीही फ्लोट३२ मध्येच द्या.

एका_ओळीत:
हद्दींचं मान्य. नॅन आधी इझनॅनने बाजूला काढा. उत्तर इंट६४ येतं, सुमारे ५१ एमबी. इंट८ केलंत तर ६.४.

कोरडवाहू:
सगळ्यांचे आभार. मी साधे मास्कच (अट खरी असलेल्या चौकटीच निवडणं) लावले. 'फुल' फंक्शनने -१ भरलेला इंट८ अ‍ॅरे केला, मग चढत्या क्रमाने:
वर्ग[पाऊस >= ०] = ०
वर्ग[पाऊस >= २.५] = १
असं २०४.५ पर्यंत. नंतरची ओळ आधीचीवर लिहिते. -९९९ आणि नॅन एकाही अटीत बसत नाहीत, ते -१ च राहतात.

सहा_खाने:
अ‍ॅरेवरून सहा फेऱ्या होतात. सिलेक्टच नीट दिसलं असतं.

जीपीयूप्रेमी:
१९०१ पासूनची सगळी वर्षं घेतलीत तर कार्ड लागेलच.