सिनेमा आणि व्हिडिओ कला यांच्या सीमेवरचं काय पाहू?

रीळवेडा: चित्रपट भरपूर पाहतो, पण कलादालनातल्या पडद्यासमोर उभं राहिलं की अवघडायला होतं. कधी सुरू झालं, किती वेळ थांबायचं, काहीच उमगत नाही. सुरुवात कशाने करू?

निळीशाई: स्टीव्ह मॅक्वीन. त्याने दिग्दर्शित केलेला 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' पाहिला असेलच. त्याच्या कितीतरी आधी, १९९९ मध्ये, त्याला टर्नर पारितोषिक, म्हणजे ब्रिटनमधला समकालीन कलेचा मोठा पुरस्कार, मिळालं होतं. त्याची १९९७ची 'डेडपॅन' शोधा. मूळ प्रसंग मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटनचा: घराची अख्खी दर्शनी भिंत अंगावर कोसळते आणि खिडकीच्या पोकळीमुळे माणूस वाचतो. कीटनकडे हे एकदाच घडतं आणि हसू येतं. इथे मॅक्वीन स्वतः उभा आहे, भिंत वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा पडते, तो जागचा हलत नाही. गोष्ट पुढे जातच नाही, त्यामुळे हसू विरतं आणि नजर त्या चेहऱ्यावर खिळते. मध्येच आत गेलात तरी काही हुकत नाही.

दुपारचा_खेळ: वेळेचंच कोडं असेल तर ख्रिश्चन मार्कलेची 'द क्लॉक' (२०१०). असंख्य चित्रपटांतले घड्याळाचे क्षण जोडून २४ तासांची कलाकृती. पडद्यावर जे वाजलेत तेच तुमच्या मनगटावर. पूर्ण पाहायचा हट्ट नको.

सावलीघर: वरचे दोन्ही सल्ले चांगलेच, पण नजर पडद्यावरच राहते. मला अँथनी मॅकॉलची १९७३ची 'लाइन डिस्क्रायबिंग अ कोन' जास्त महत्त्वाची वाटते. प्रोजेक्टरमधून एक ठिपका, अर्ध्या तासात त्याचं वर्तुळ. पडद्याकडे पाठ करून प्रोजेक्टरकडे बघा: हवेत प्रकाशाचा शंकू उभा राहतो, माणसं त्यात हात घालतात, आत शिरतात. पूर्वी धूळ आणि सिगारेटचा धूर पुरायचा, आता धुकं सोडणारं यंत्र लावतात. यूट्यूबवर यातलं काहीच हाती लागणार नाही, प्रत्यक्षच गाठा.

रीळवेडा: मनापासून आभार! घरी बसून फरक कळेल असं काही?

निळीशाई: यूलियान रोझेफेल्टची 'मॅनिफेस्टो'. आधी १३ पडद्यांवर होती, मग तिचाच सलग चित्रपट झाला. तो घरी पाहता येतो. दालनात एका क्षणी पडद्यापडद्यावर वेगळ्या भूमिकेत असलेली अभिनेत्री केट ब्लँचेट आपल्याकडे वळून एकाच वेळी एकसुरी बोलू लागते आणि ते सूर मिळून खोली भरून जाते. चित्रपटात प्रसंग एकामागून एक येतात, त्यामुळे तो क्षण तसा घडूच शकत नाही. हे डोक्यात ठेवून चित्रपट बघा.