मूत्राशयाचं दुखणं आणि ‘लघवीचा पेसमेकर’ : सांगली-मिरजेचा अनुभव धागा

लघवीची पिशवी भरत आली की ओटीपोटात कळ, मोकळी झाली की घटकाभर बरं, आणि लघवीचं कल्चर (जंतू उगवतात का ही तपासणी) मात्र दर वेळी कोरं. असं सहा आठवड्यांच्या वर चाललं आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर डॉक्टर ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’ किंवा ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ म्हणतात. अशा बऱ्याच जणांपुढे आता नसेला करंट देणारं यंत्र, म्हणजेच ‘लघवीचा पेसमेकर’, बसवायचा पर्याय येतोय. ज्यांचं या विषयात रोजचं काम आहे त्यांनी लिहावं. हकिगत नको, मोजमाप, क्रम आणि चुकतं कुठे, ते सांगा.

परिचारिका, मिरज

लघवीच्या डायरीपासून सुरुवात करा. तीन दिवस, रात्रीसकट. घरातला एक प्लास्टिकचा मग घ्या, औषधाच्या १०० मिलीच्या बाटलीने त्यात पाणी ओता आणि दर ओतण्याला बाहेरून नेलपॉलिशची रेघ मारा. झालं माप तयार. वहीत चार रकाने: वेळ, किती मिली, दुखणं ० ते १० पैकी किती, आणि त्याआधी काय प्यायलं. अंदाजाने ‘थोडी झाली’ असं लिहिलेलं काही कामाचं नसतं. निरोगी माणसाला एका वेळी साधारण २५० ते ४०० मिली होते. इथे ६०-८० मिलीचे आकडे दिसतात.

एक चूक बायका हमखास करतात. रानात किंवा बाजारात सोय नसते म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. लघवी दाट होते आणि दुखऱ्या पिशवीला तीच झोंबते. पाणी तोडू नका, घोटाघोटाने दिवसभर वाटून प्या.

लॅब टेक्निशियन, सांगली

कल्चरचा नमुना अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी द्यायचा. सुरुवातीची धार सोडून मधली धरायची आणि दोन तासांत लॅबमध्ये पोचवायची. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवायची. रिपोर्टात पू-पेशी भरपूर आणि कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही, तर आपल्याकडे मूत्रमार्गाचा क्षयरोग डोक्यात आलाच पाहिजे. त्यासाठी सलग तीन दिवस सकाळची पहिली लघवी पूर्ण द्यावी लागते. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत आहे. तंबाखू किंवा बिडी असेल, लघवीत रक्त दिसलं असेल, तर कर्करोगाच्या पेशींसाठी सायटॉलॉजीही सांगून करून घ्या. क्षयाने आक्रसलेल्या पिशवीला किंवा पिशवीतल्या खड्याला यंत्र हे औषध नव्हे.

आहारतज्ज्ञ, तासगाव

चहा, कॉफी, सोडा, टोमॅटो, चिंच, लिंबू आणि तिखट कांदा-लसूण मसाला तीन आठवडे पूर्ण बंद. मग एकेक पदार्थ परत आणा, दोन पदार्थांत तीन दिवसांचं अंतर ठेवून. सगळ्यांना सगळंच बाधत नाही, म्हणून छापील यादी आयुष्यभर पाळू नका. इथल्या मंडळींना द्राक्षं सोडणं जड जातं. आंबट घड टाळून थोडी गोड द्राक्षं वेगळी तपासून बघा. भडंगात बहुतेकदा मिरचीच नडते, चुरमुरा नाही.

फिजिओथेरपिस्ट, विश्रामबाग

लघवीचा त्रास म्हटला की सरसकट कीगल (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम) सांगतात. या दुखण्यात बहुधा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आधीच आखडलेले असतात. त्यांना आणखी आवळलं की कळ वाढते. इथे स्नायू सैल करायचे असतात: गुडघे छातीशी घेऊन पोटाने सावकाश श्वास, आणि प्रशिक्षित हातांनी आतून मोकळं करणं.

ऑपरेशनच्या आधी पायाच्या नसेचा मार्ग करून बघावा. आतल्या घोट्याच्या वर तीन बोटांवर बारीक सुई टोचून तिच्यातून हलका करंट, ३० मिनिटं, आठवड्यातून एकदा, १२ वेळा. सुई नको तर टेन्स मशीनचे (कातडीवरून करंट देणाऱ्या) पॅड: एक आतल्या घोट्यामागे, दुसरा त्याच्या वर साधारण १० सेंटिमीटरवर, २० हर्ट्झ, २०० मायक्रोसेकंद. पायाचा अंगठा हलला किंवा तळव्यात मुंग्या आल्या की जागा बरोबर. हृदयाचा पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील तर हे करायचं नाही.

युरॉलॉजी ओटी सहायक, मिरज

परिचारिका ताईंनी डायरी पहिली सांगितली ते फार योग्य झालं, कारण पुढचा सगळा निर्णय तिच्यावर होतो. यंत्राच्या निर्णयाआधी भूल देऊन पिशवीची दुर्बिणीने तपासणी हवी. आत हनर लीजन म्हणजे लालसर जखमेसारखे चट्टे दिसले, तर तिथल्या तिथे जाळणं किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन याने आराम पडतो. यंत्राचा विचार नंतर.

आता यंत्र. माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडाला दोन्ही बाजूंना छिद्रं असतात. रुग्णाला पालथं झोपवून, एक्स-रे बघत तिसऱ्या छिद्रातून चार इलेक्ट्रोडची तार नसेजवळ सरकवतात. करंट दिल्यावर गुदद्वाराभोवतीचा भाग भात्यासारखा आत ओढला गेला आणि पायाचा अंगठा खाली वाकला, की नस बरोबर. सगळं पाऊल गोल फिरलं तर तार एक छिद्र वर गेली आहे.

आधी चाचणी असते. तार कातडीतून बाहेर काढून कमरेच्या डबीला जोडतात. साधी तार असेल तर काही दिवस, काटेरी पकडीची असेल तर दोन-तीन आठवडे. या काळात आंघोळ नाही, अंग पुसून घ्यायचं. वाकणं, उकिडवं बसणं, कळशी उचलणं बंद. साधी तार एवढ्यानेही सरकते आणि चाचणी वाया जाते. डायरी चालू ठेवायची. निदान निम्मा फरक पडला तरच कायमचं यंत्र. २२ वेळांच्या १० वेळा झाल्या, हा फरक. २२ च्या १७ झाल्या तर नाही म्हणायचं धैर्य डॉक्टर आणि रुग्ण दोघांत हवं.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. अमेरिकेत या उपचाराला १९९७ मध्ये घाईने होणाऱ्या गळतीसाठी आणि १९९९ मध्ये वारंवार लघवी व लघवी अडकण्यासाठी मान्यता मिळाली, निव्वळ दुखण्यासाठी नव्हे. घाई आणि वारंवारता कमी झाली की दुखणंही पुष्कळांचं उतरतं, पण तेवढ्या खात्रीने नाही. म्हणून डायरीतला दुखण्याचा रकाना रिकामा सोडू नका.

परिचारिका, मिरज

बॅटरी नितंबाच्या वरच्या भागात कातडीखाली बसते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रोजचा परकर किंवा पँट घालून उभं राहा आणि नाडी किंवा पट्टा नेमका कुठे बसतो तिथे पेनाने खूण करून घ्या. बॅटरीचा कातडीखालचा खिसा त्या रेषेवर आला तर नाडी रोज घासते, जागा दुखायला लागते आणि कधी कधी पुन्हा उघडावं लागतं.

फिजिओथेरपिस्ट, विश्रामबाग

यंत्र बसल्यावर कुठल्याही दवाखान्यात शॉर्टवेव्ह डायथर्मी (मशीनने दिलेला खोल शेक) घ्यायची नाही, खांद्यालाही नाही. उष्णता तारेतून जाऊन नसेजवळचा भाग भाजू शकतो. गुडघेदुखीला शेक घ्यायला जाताना हे आधी सांगा, समोरचा आपणहून विचारेलच असं नाही.

रुग्णालय समन्वयक, सांगली

खर्च लाखांत जातो, म्हणून चाचणी आणि कायमचं यंत्र यांचं अंदाजपत्रक वेगवेगळं लेखी मागा. विम्याची पूर्वमंजुरीही दोन टप्प्यांची घ्या. चार प्रश्न विचारायचेच: बॅटरी चार्जची की बिनचार्जची आणि किती वर्षांची, एमआरआय पूर्ण शरीराचा चालेल की फक्त डोक्याचा, तार सरकली किंवा जंतुसंसर्ग झाला तर पुन्हा ऑपरेशनचा खर्च कोणाचा, आणि सेटिंग बदलायला माणूस कुठे भेटेल. शेवटचा प्रश्न आपल्या भागात सगळ्यांत महत्त्वाचा, कारण पहिल्या काही महिन्यांत सेटिंग बऱ्याचदा बदलावं लागतं. त्यासाठी पुण्याला जावं लागलं तर मिरजेहून रेल्वेने जा, एसटीत स्वच्छतागृह नसतं. यंत्राचं कार्ड पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या एकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा.