'स्टार ट्रेक: पिकार्ड' पुढे बघू की इथेच रामराम?

नमस्कार मंडळी,

(स्पॉयलर आहेत. पहिला सीझन बघायचा असेल तर इथूनच परत फिरा.)

मालिका २०२० ची, मी उशिरानेच सुरू केली. पहिला सीझन काल संपला आणि तेव्हापासून चिडचिड चालू आहे. पुढचे दोन सीझन बघावेत का, यावर सल्ला हवाय.

मी 'नेक्स्ट जनरेशन'चा, म्हणजे पिकार्ड यानाचा कॅप्टन होता त्या जुन्या मालिकेचा, भक्त. त्याचेही पहिले दोन सीझन लंगडेच होते, त्यामुळे जुनं ते सगळं सोनं असं माझं म्हणणं नाही. पण त्या लंगड्या दुसऱ्या सीझनमध्येच 'मेझर ऑफ अ मॅन' आहे. यंत्रमानव डेटा ही स्टारफ्लीटच्या (म्हणजे अंतराळदलाच्या) मालकीची वस्तू की स्वतःचा निर्णय स्वतः घेणारी व्यक्ती, या एका प्रश्नावर अख्खा भाग. मित्राविरुद्ध बाजू मांडायची वेळ आलेला उपकप्तान रायकर डेटाचा हात काढून दाखवतो, मग भर सुनावणीत त्याला बंद करतो. एकही स्फोट नाही, तरी आपण खुर्चीच्या टोकावर!

नव्या मालिकेच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. मंगळावरच्या हल्ल्यानंतर कृत्रिम माणसांवर बंदी, रोम्युलन या परग्रहवासीयांची सुटका अर्ध्यावर सोडलेली, म्हणून पिकार्डचा राजीनामा. एवढा जबरदस्त पाया रचून त्यावर कुणी धड वादच घालत नाही हो! दहा भाग एकच रहस्य ताणायचं, प्रत्येक उत्तर पुढच्या भागावर ढकलायचं आणि शेवटी एकाच साच्यातून काढलेल्या यानांचा ताफा आणून उरकून टाकायचं. बंदी उठल्याचं तर कुणीतरी जाता जाता सांगून जातं. जिच्यासाठी एवढं रामायण झालं ती बंदी!

रायकर आणि त्याची बायको ट्रॉय यांच्या घरचा पिझ्झावाला भाग आणि डेटाचा निरोप मात्र आवडला. त्यासाठी शंभर गुन्हे माफ.

तर, दुसरा सीझन गाळून थेट तिसरा बघितला तर कळेल का? नववीतली लेक सोबत बसते. 'व्हॉयेजर' या जुन्या स्टार ट्रेक मालिकेतल्या इचेबचा डोळा काढतात तिथे मला टीव्ही बंद करावा लागला. पुढेही असलंच आहे का?

गोगलगाय: दुसरा खुशाल गाळा. मंडळी २०२४ च्या लॉस एंजेलिसला जातात आणि जवळजवळ सगळा सीझन तिथेच घुटमळतात. तिसऱ्यासाठी तीन गोष्टी माहीत हव्यात: पिकार्डचं मूळ शरीर आता राहिलेलं नाही (हे तुम्ही पाहिलंतच), सेव्हन ('व्हॉयेजर'वालीच) स्टारफ्लीटमध्ये आली आहे आणि बोर्ग या अर्ध्या यंत्र झालेल्या जमातीने एकेकाळी पिकार्डला आपल्यात सामील करून गिळलं होतं. लेकीला 'नेक्स्ट जनरेशन'मधल्या 'बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स'चे दोन्ही भाग आधी दाखवा.

साधामाणूस: तिसऱ्यात 'नेक्स्ट जनरेशन'ची जुनी टोळी परत येते म्हणून सगळे खूश, पण वाद घालणारा पिकार्ड तिथेही फारसा नाही. तुमची तक्रार तीच असेल तर 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' ही दुसरी स्टार ट्रेक मालिका बघा. त्यात मूळ मालिकेतल्या कर्कच्या आधीचा कॅप्टन पाइक, आणि बहुतेक भागांत गोष्ट तिथल्या तिथे संपते. मारामारीचं म्हणाल तर 'पिकार्ड'च्या तिसऱ्या सीझनमध्ये जुन्या टोळीतला वॉर्फ मुंडकं उडवतो. आधी एकटे बघा.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. म्हणजे आधी पाइक, मग सवडीने तिसरा सीझन. त्यात चेंजलिंग (हवं ते रूप घेणारे) आहेत असं कुठेतरी वाचलं. ते ज्या मालिकेतले, ती 'डीप स्पेस नाइन' लेकीने पाहिलेली नाही, सात सीझन दाखवणं शक्य नाही. किमान काय दाखवू?

गोगलगाय: 'डीप स्पेस नाइन'च्या तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीचे 'द सर्च'चे दोन भाग, मग चौथ्यातले 'होमफ्रंट' आणि 'पॅराडाइज लॉस्ट'. यातल्या शेवटच्या दोन भागांत नुसत्या संशयाने पृथ्वीवर काय होऊन बसतं ते बघा. तुम्हाला हवा तो वादही तिथे मिळेल.