आई-बाबांना फोर्ट दाखवायचंय, कानात मराठी ऑडिओ हवा. कुणी केलंय?

मिरजवाली:
दिवाळीनंतर आई-बाबा मिरजेहून महिनाभर राहायला येतायत. गेटवे, राणीची बाग, हाजी अली सगळं मागेच झालंय. या वेळी मुंबईचा फोर्ट भाग नीट पायी दाखवायचा आहे. गेल्या वर्षी मी एका ग्रुपबरोबर तिकडे फिरले होते. माहिती छान होती, पण सगळी इंग्रजीत आणि चाल अशी की जणू लोकल सुटतेय. बाबा एसटीतून निवृत्त, पाटी दिसली की शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणार. आईचे गुडघे बोलतात, तिला बसायला जागा लागते. म्हणून आपलं आपण थांबत ऐकत फिरायचं, असं काही मराठीत आहे का? नसेल तर मीच रेकॉर्ड करावं म्हणते. कुठून सुरुवात करू, किती बोलू?

ठाणेकर७७:
सरळ एखादा मराठी बोलणारा गाइड करा. कानात बोळे घालून तिघं तीन दिशांना बघत उभे, त्यापेक्षा माणूस बरा. शंका विचारता येतात.

टाउनहॉलच्या_पायऱ्या:
ठाणेकर, बाबा पाटी वाचत असताना गाइड घड्याळाकडे बघतो. रेकॉर्डिंग बघत नाही. मिरजवाली, तुम्हीच करा. माझी नोकरीची उभी हयात फोर्टातल्या एका ऑफिसात गेली. रत्नागिरीच्या बहिणीसाठी मी असंच फोनवर बोलून व्हॉट्सॅपवर पाठवलं होतं, तिने दोनदा फिरून घेतलं.

सुरुवात सीएसएमटीहून करू नका. स्टेशन इतकं देखणं आहे की पुढचं सगळं फिकं पडतं. सुरुवात एशियाटिक सोसायटीच्या, म्हणजे जुन्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवरून करा. इमारत १८३३ ची. पायऱ्या तीस आहेत, आईंना चढवू नका, खालच्या पायरीवर बसवा. पहिलं वाक्य हे असू दे: ‘तुमच्या पाठीमागे समुद्र होता.’ मागचं बॅलार्ड इस्टेट विसाव्या शतकात गोदी खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर उभं राहिलं. तिथून पश्चिमेला चालत ओव्हल मैदानापर्यंत जायचं, जेमतेम दीड किलोमीटर. ओव्हलच्या पलीकडेही पूर्वी समुद्रच होता. म्हणजे एका किनाऱ्याहून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सगळी जुनी मुंबई चालून होते आणि वाटेत समुद्राचा थेंब दिसत नाही. मला विचाराल तर ऑडिओने हेच सांगावं. इमारती डोळ्यांना दिसतातच, गेलेला समुद्र आणि जुन्या किल्ल्याचा पाडलेला तट कुणीतरी सांगावा लागतो.

समोर हॉर्निमन सर्कल. आधी तिथे मोकळं मैदान होतं, कापसाच्या गाठी पडायच्या. बाबांना हॉर्निमन कोण ते सांगा: बॉम्बे क्रॉनिकलचा इंग्रज संपादक, १९१९ मध्ये जालियनवाला बागेच्या बातम्या छापल्या म्हणून सरकारने हद्दपार केला. पुढे सेंट थॉमस चर्च. पाया १६७६ चा, पण काम चाळीसेक वर्षं रखडलं आणि १७१८ च्या नाताळात ते उघडलं. (म्हणजे मुंबईत बांधकाम रखडणं ही आजची गोष्ट नव्हे.) मुंबईतले जुने मैलाचे दगड याच चर्चपासून मोजलेले. आत भिंतीभर संगमरवरी स्मारकं आहेत, बाबांचा इथे तास जाईल. त्यांना मेटलंडचं शोधायला लावा. १८१५ मध्ये नेपोलियन ज्याच्या जहाजावर शरण आला, तो कप्तान. आईंना बाकावर बसवा. रविवारी प्रार्थना चालू असेल तर मात्र बाहेरच थांबा.

आता रेकॉर्डिंगचं. एका थांब्याला एक फाइल, तीन मिनिटांच्या आत. चालताना काही वाजवायचं नाही, फोर्टातले फुटपाथ खाली बघूनच चालावे लागतात. ‘डावीकडे बघा’ म्हणू नका, कोण कुठे तोंड करून उभं आहे तुम्हाला काय ठाऊक? आधी उभं करा: ‘चर्चकडे पाठ करा, आता समोर…’ मग बोला. लोकेशनवर आपोआप वाजणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका. उंच इमारतींच्या गल्लीत तो निळा ठिपका बेडकासारखा उड्या मारतो. हाताने दाबलेलं बरं. फाइलला आकडा नको, जागेचं नाव द्या.

मिरजवाली:
ताई, हे तर तयार संहिताच झाली! बाबांना मेटलंड आत्ताच फोनवर सांगितला, ते तिकीट काढायला निघालेत. फ्लोरा फाउंटनला काय सांगू? तिथे गर्दीत ऐकू येईल का?

गिरगावचा_बाळ्या:
तिथे मी बोलतो. कारंजं १८६४ चं, किल्ल्याचा चर्चगेट नावाचा दरवाजा तिथेच होता. गव्हर्नर फ्रियरच्या काळात तट पाडला. पण मराठी ऑडिओत तिथे कारंज्यावर दोन वाक्यं आणि हुतात्मा चौकावर बाकी सगळं, असं प्रमाण ठेवा. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर तिथे गोळीबार झाला. इंग्रजी वॉकमध्ये ते ओझरतं येतं, त्याचा मला कायम राग येतो. बाबांच्या पिढीला स्वतःचंच काही आठवेल. तेव्हा ऑडिओ बंद करा आणि त्यांना बोलू द्या.

टाउनहॉलच्या_पायऱ्या:
बाळ्याशी सहमत. आवाजाचं म्हणाल तर रविवारी सकाळी जा, ऑफिसं बंद असतात. कानात एकच बोळा, दुसरा कान रस्त्यासाठी.

तिथून पुढे क्रॉस मैदानाच्या कडेला भिका बेहराम विहीर, १७२५ ची. समुद्र एवढा जवळ असून पाणी गोडं. आत पारशीच जातात, बाहेरून बघायची. मग ओव्हल. मैदानात उभं राहून पूर्वेला राजाबाई टॉवर हा घड्याळाचा मनोरा आणि हायकोर्ट, पश्चिमेला भरावावरच्या १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. दोन्ही रांगा मिळून २०१८ पासून जागतिक वारसा. राजाबाईसाठी प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने पैसे दिले ते आईच्या नावासाठी. म्हातारीला दिसत नव्हतं, टोले ऐकून ती जैन रीतीप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायची, अशी गोष्ट सांगतात. ती तुमच्या आईंना आवडेल. या थांब्याला फाइल छोटी ठेवा आणि टोल्यांसाठी थांबा, दर पंधरा मिनिटांनी पडतात.

चर्चगेट स्टेशन तिथून पाच मिनिटांवर. शनिवारी रात्री मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघा, नाहीतर परतीला आईंना टॅक्सी करावी लागेल. आणि रेकॉर्ड करताना पंखा बंद करा. माझ्या पहिल्या फाइलमध्ये बहिणीला सगळीकडे हेलिकॉप्टर ऐकू येत होतं.