ओला-सुका वेगळा करायची नाटकं बंद करा, सरळ प्लांटमध्ये जाळा आणि वीज करा

स्पष्टवक्ता :
सोसायटीत परत नोटीस लागलीये, ओला-सुका वेगळा दिला नाही तर दंड. कशासाठी? घरात दोन डबे, खाली दोन ड्रम, आणि सकाळी गाडी आली की दोन्ही ड्रम एकाच पोटात रिकामे, रोज गॅलरीतून बघतो. त्यापेक्षा युरोपसारखे वेस्ट टू एनर्जी प्लांट टाका ना, कचरा आत वीज बाहेर, विषय कट. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारचं डम्पिंग पेटलं तेव्हा धूर उपग्रहाच्या फोटोत दिसत होता, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. जळणारच असेल तर उघड्यावर जळण्यापेक्षा चिमणी लावून जाळलेलं काय वाईट?

खतवाली :
आधी तो पेटायला तर हवा! आपल्या डब्यात काय असतं बघा, मेथीच्या काड्या, कलिंगडाची सालं, चहाचा चोथा, कालची आमटी. निम्मा कचरा ओला, सगळी उष्णता त्यातलं पाणी उडवण्यातच जाते. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डेन्मार्कची मशिनरी आणून असाच प्लांट उभा केला होता, २१ दिवस चालला म्हणतात, पुढे ठप्प, कारण कचऱ्यात जळण्याइतका दमच नव्हता. २०१६ च्या घनकचरा नियमांमध्येसुद्धा वीज करायला कुठला कचरा तर जो रिसायकल होत नाही आणि ज्याचा उष्मांक, म्हणजे जळताना निघणारी उष्णता, किलोला १५०० किलोकॅलरी किंवा जास्त आहे तो. म्हणजे दोन डबे तुमच्या प्लांटलाही लागणारच.

गल्लीबोळ :
प्लांट येईल तेव्हा येईल, आमच्या इथला वॉचमन थंडीत रोज रात्री पालापाचोळा, थर्माकोल आणि एखादी तुटकी चप्पल पेटवून शेकत बसतो त्याचं बोला आधी. हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड सांगितलाय, मोठ्या प्रमाणात जाळला तर २५,०००. कुणाकडून घेतलेला ऐकलाय का?

स्पष्टवक्ता :
१९८७ चं उदाहरण आता एखादी जुनाट मारुती दाखवून गाड्या चालत नाहीत म्हणण्यासारखं आहे. दिल्लीतच ओखल्याचा प्लांट २०१२ पासून चालू आहे की. आणि @गल्लीबोळ, एका शेकोटीने काय होतंय हो, आमच्या भागाचा एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब त्याचा आकडा, काल ९० होता, ॲपमध्ये चक्क "समाधानकारक" लिहिलेलं. हवा खराब होते ती गाड्यांनी आणि बांधकामाच्या धुळीने.

खतवाली :
ओखला चालू आहे आणि शेजारचे सुखदेव विहारवाले त्याच्या धुराविरुद्ध वर्षानुवर्षं कोर्टात भांडतायत, ते पण लिहा ना सोबत. आणि चप्पल-थर्माकोलच्या शेकोटीत डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात, विशेषतः त्यात पीव्हीसी प्लास्टिक असेल तर. ती मोडायला धूर निदान ८५० अंशांवर दोनेक सेकंद राहायला लागतो, शेकोटीत कुठून येणार, आणि ओला कचरा कोंबलेल्या भट्टीतही तापमान पडतं. मग तुमची चिमणी फक्त तेच उंचावरून सोडणार.

गल्लीबोळ :
९० म्हणजे काय ते तरी बघा. आपल्याकडे आठ प्रदूषकं धरतात आणि त्यातल्या सगळ्यात वाईटाचा आकडा म्हणजे त्या दिवसाचा एक्यूआय, सरासरी नाही. पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, आपली २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५, तेव्हा आपलं समाधान जरा स्वस्तातलं आहे. शिवाय हवा मोजायचं मशीन कुठेतरी चार किलोमीटरवर आणि शेकोटी तुमच्या खिडकीखाली. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, धूर वर जातच नाही, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्यांना विचारा.

कोपनहेगनकर :
युरोपचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो, राहायला इकडे आहे. आमच्या शहरातल्या कचरा जाळायच्या प्लांटच्या छपरावर लोक स्कीइंग करतात, खोटं नाही. वीज मिळतेच, पण मुख्य म्हणजे गरम पाणी पाइपने घराघरात जातं, हिवाळ्यात त्याची गरज असते. पुण्यात एप्रिलमध्ये ते गरम पाणी कोणाला हवंय? आणि इथे खरकट्याचा डबा वेगळाच असतो. बरं भट्टी सतत भरलेली लागते, म्हणून डेन्मार्क बाहेरच्या देशांतून कचरा विकत... म्हणजे आणून जाळतो. एकदा प्लांट टाकला की कचरा कमी करायची कोणालाच घाई राहत नाही हे मी इथे बघतोय. तरी उघड्या डेपोपेक्षा हे शंभर पटीने बरं, त्यात स्पष्टवक्तांशी सहमत.

तिसरा_मजला :
खतवालीताई, राग मानू नका पण तुम्हाला गच्ची असेल. आमच्या ३०० फ्लॅटच्या सोसायटीत कंपोस्टचा खड्डा केला, पहिल्या पावसात पाणी शिरलं, अळ्या वर आल्या, तळमजल्यावाल्यांनी मीटिंगमध्ये रणकंदन केलं आणि आता त्यावर पार्किंग आहे. प्रत्येकाने खत करा म्हणणं सोपं असतं.

खतवाली :
खड्डा होता म्हणूनच तर. टाकी जमिनीच्या वर, बाजूने भोकं असलेली, आणि दर थराला सुका पाला किंवा भुसा. हवा लागली नाही की कचरा कुजून वास मारतो आणि मिथेन हा जळणारा वायू सुटतो, डेपो पेटतात ते त्याच मिथेनमुळे. तुमचा वॉचमन जाळतो ना पाला, तोच टाकीत घाला, दोन्ही प्रश्न सुटतात.

कागदकाच :
सगळं भट्टीत घालायची घाई झालेल्यांनी सुका कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर एकदा उभं राहा. पुण्यात स्वच्छ ही त्यांची सहकारी संस्था २००८ पासून घरोघरी कचरा गोळा करते. त्यांचं पोट पुठ्ठ्यावर, बाटल्यांवर, दुधाच्या पिशव्यांवर. पिशवी धुऊन वाळवून दिली तर विकली जाते, आमटीत बुडालेली कोणी घेत नाही. आणि कापताना कोपरा पूर्ण तोडू नका हो, तो एवढासा तुकडा कोणाच्याच हाताला लागत नाही, थेट गटारात. तुमची भट्टी नेमकं हेच प्लास्टिक आणि पुठ्ठा मागणार, कारण जळतं तेच.

स्पष्टवक्ता :
ठीक, प्लांटवाल्यांनाही वेगळा कचरा लागतो हे पटलं. पण माझा मूळ प्रश्न कोणी घेतलाच नाही. गाडी एकत्र करते त्याचं काय?

गल्लीबोळ :
गाडीत मधे पार्टिशन नसेल तर ड्रम द्यायचाच नाही, पदाधिकाऱ्यांनी खाली उभं राहून. आमच्याकडे चार दिवस ड्रम तसेच राहिले, वास सुटला, शिव्या खाल्ल्या, पाचव्या दिवशी पार्टिशनवाली गाडी आली.

स्पष्टवक्ता :
आमचे सेक्रेटरी सकाळी साडेसातला उठत नाहीत. उद्या मीच गाडीचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतो, दंडाची पावती आधी त्यांच्या नावाने फाडा मग माझ्याकडे या.