मदत हवी आहे : शाळेतील मोबाईलबंदी आणि मुलांची ऑनलाइन सुरक्षितता
नमस्कार. मी तालुक्याच्या गावी आठवी-नववीला शिकवते. आमच्या शाळेत मोबाईल आणायला मनाई आहे, तरीही स्नेहसंमेलनातला एका मुलीचा फोटो विद्रूप करून मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवला गेला आणि ती आठ दिवस शाळेत आली नाही. परतली ती ओढणीत चेहरा लपवून शेवटच्या बाकावर बसली. सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३० आणि बालकांसाठीचा १०९८ हे क्रमांक आम्ही फळ्याशेजारी लावले आहेत. पण नुसती दप्तरे तपासून हा प्रश्न सुटणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण गृहपाठ आम्हीच मोबाईलवर पाठवतो. ज्या शाळांनी गृहपाठ पुन्हा वहीत आणला, त्यांनी रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या पालकांना कसे सामील करून घेतले? तक्रार करणाऱ्या मुलीचे नाव फुटू नये यासाठी काय व्यवस्था केली? लेखी नियमावलीचा नमुना असल्यास कृपया द्यावा.