'थ्रेट'ला 'आव्हान' म्हणावे का? स्वॉट विश्लेषणातील मराठी शब्द

प्रश्न

आमच्या भागातील आंबा बागायतदारांच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा पुढील पाच वर्षांचा व्यवसाय आराखडा मराठीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यात स्वॉट विश्लेषणाचे, म्हणजे संस्थेच्या 'स्ट्रेंग्थ', 'वीकनेस', 'ऑपॉर्च्युनिटी' आणि 'थ्रेट' या चार बाजू तक्त्याच्या चार घरांत मांडण्याचे, एक प्रकरण आहे. हाताशी असलेल्या नमुना अहवालांत 'थ्रेट'साठी कुठे 'आव्हाने', कुठे 'धोके', तर कुठे 'जोखीम' असे शब्द आढळतात. 'वीकनेस'साठी 'कमजोरी', 'दुर्बलता', 'उणिवा' आणि 'कमकुवत बाजू' हे चारही दिसतात. सभासदांपुढे वाचून दाखवायचा मजकूर असल्यामुळे शब्द अचूक असावेत, असे वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर

आपला प्रश्न शब्दांचा असला तरी त्याचे उत्तर पद्धतीच्या रचनेत आहे, म्हणून थोडे मागून सुरुवात करतो. ही पद्धत 1960च्या दशकात अमेरिकेत कंपन्यांच्या दीर्घकालीन नियोजनाच्या अभ्यासातून आकाराला आली आणि स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील अल्बर्ट हम्फ्री यांचे नाव तिच्याशी सहसा जोडले जाते. त्या गटाच्या आरंभीच्या मांडणीत 'वीकनेस'च्या जागी 'फॉल्ट', म्हणजे दोष, हा शब्द होता. आज जे बरे चालले आहे ते समाधानकारक, उद्या जे बरे घडू शकेल ती संधी, आज जे बिघडलेले आहे तो दोष आणि उद्या जे बिघडू शकेल तो धोका, अशी ती विभागणी होती. पुढे तिच्यात आतले आणि बाहेरचे हा भेद पक्का झाला: आजच्या तक्त्यात 'स्ट्रेंग्थ' आणि 'वीकनेस' ही पहिली दोन घरे संस्थेच्या आतली, 'ऑपॉर्च्युनिटी' आणि 'थ्रेट' ही नंतरची दोन बाहेरची. मराठी शब्द निवडताना हा भेद ज्या शब्दात टिकतो तो शब्द चांगला, अशी माझी कसोटी आहे.

या कसोटीवर 'आव्हाने' हा शब्द उतरत नाही. आव्हान आपण स्वीकारतो, पेलतो, क्वचित आपणच दुसऱ्याला देतो. त्यात पुरुषार्थाची छटा आहे, आणि कदाचित म्हणूनच अहवाल लिहिणाऱ्यांना तो आवडतो, कारण 'धोके' लिहिले की मजकूर घाबरलेला वाटतो. परंतु आव्हान आतले की बाहेरचे, हे त्या शब्दावरून मुळीच कळत नाही.

अशाच एका कंपनीच्या सभेत मी फळ्याजवळ खडू घेऊन उभा होतो. चौथ्या घरावर मी 'आव्हाने' असे लिहिले आणि बघता बघता त्याच्याखाली अवकाळी पाऊस, फुलकिडे, फळातला साका, वाशीच्या बाजारात हापूस म्हणून खपणारा परराज्यातला आंबा, पेट्या भरायला स्वतःची जागा नसणे आणि हिशेब वेळेवर न लागणे असे सगळे एका रांगेत येऊन बसले. दुसरे घर जवळजवळ रिकामे राहिले. मी शीर्षक पुसून 'बाहेरून येणारे धोके' असे लिहिले, तेव्हा मागे बसलेले एक वयस्कर बागायतदार म्हणाले, "मग साका तिकडे कसा? साका बाहेरून येत नाही, तो आपल्या फळाच्या आत असतो." त्यानंतर पाच मिनिटांत निम्मी यादी दुसऱ्या घरात गेली.

साक्याचे उदाहरण मला 'वीकनेस' समजावून सांगायला फार उपयोगी पडते. फळ वरून पिवळेधमक दिसते, वासही येतो, पण कापल्यावर आत पांढुरका, सच्छिद्र आणि आंबट गर निघतो. कापेपर्यंत काही कळत नाही. मात्र त्यावर करण्यासारखे बरेच आपल्या हातात असते: काढलेली फळे उन्हात तापू न देणे, ती तापलेल्या जमिनीवर न ठेवणे, बागेत जमिनीवर आच्छादन करणे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली 'रत्ना' ही जात साक्यापासून मुक्त आहे, म्हणजे लांबचा उपायही आहे. 'वीकनेस'साठी 'उणीव' हा शब्द मला म्हणूनच सर्वांत योग्य वाटतो. मराठीत उणीव 'भरून काढतात'. शब्दाला उपायाचे क्रियापद चिकटूनच येते. 'दुर्बलता' ही प्रकृतीची अवस्था वाटते आणि सभासदांच्या मनाला लागते. 'कमजोरी' हिंदीच्या वाटेने आलेला शब्द आहे. तो समजतो, पण लेखी मराठीत त्याची गरज नाही. 'कमकुवत बाजू' चालेल, मात्र तक्त्यात तो लांब पडतो.

'जोखीम' मात्र 'थ्रेट'साठी वापरू नये. जोखीम माणूस पत्करतो. कर्ज काढून पॅकहाउस बांधणे ही जोखीम आहे, कारण निर्णय आपला आहे. जुन्या घरांतून अंगावरच्या दागिन्यांनाही 'जोखीम' म्हणत, तेव्हाही सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर, हाच अर्थ होता. धोका आपल्याला विचारून येत नाही. फळमाशी आढळल्याच्या कारणावरून युरोपीय संघाने मे 2014 पासून भारतीय आंब्यांची आयात थांबवली आणि 2015मध्ये ती पुन्हा सुरू केली. दरम्यानचा हंगाम त्या बाजारासाठी बुडाला. ज्या बागायतदाराच्या पेटीत एकही किडके फळ नव्हते त्याचाही माल अडला. याला 'धोका' हाच शब्द हवा. एक सावधगिरी मात्र बाळगावी: हिंदीत 'धोखा' म्हणजे फसवणूक, त्यामुळे मसुदा हिंदीतून मराठीत येत असेल किंवा पुढे हिंदीत जाणार असेल तर हा शब्द तपासून घ्यावा.

'स्ट्रेंग्थ'साठी 'बलस्थान' रुळलेला आहे आणि तोच ठेवावा. पद्धतीच्या नावाचे म्हणाल तर 'स्वॉट' हेच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. चार मराठी आद्याक्षरे जुळवून केलेले नाव उच्चारता येत नाही आणि बँकेतल्या अधिकाऱ्याला ते पुन्हा समजावून सांगावे लागते. प्रकरणाच्या आरंभी एकदाच 'बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके यांचा विचार, म्हणजेच स्वॉट विश्लेषण' असे लिहिले की पुरे.

प्रश्नकर्त्याचा पुढचा प्रश्न

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. दोन ठिकाणी अजून अडते. कोकणच्या पाच जिल्ह्यांतील हापूसला 2018मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते बलस्थान धरावे की संधी? आणि आमच्याकडे बागेच्या राखणीला व काढणीला नेपाळी कामगार येतात. एखाद्या वर्षी ते कमी आले तर हाल होतात. ही उणीव की धोका?

उत्तर

मानांकन हे त्या पाच जिल्ह्यांच्या हापूसचे आहे, आपल्या कंपनीचे नव्हे. आपल्या सभासदांनी अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी केली नसेल, तर ते दाराबाहेर उभे आहे, म्हणजे संधी आहे. मराठीत संधी 'साधतात' किंवा ती 'हुकते', आणि या दोन्ही क्रियापदांत वेळेची मर्यादा आहे, ती इथे बरोबर लागू पडते. नोंदणी झाली, पेटीवर खूण आली आणि ग्राहक ती पाहून माल उचलू लागला, की तीच गोष्ट पहिल्या घरात न्यावी. आराखड्यात तसे सरळ लिहावे: 'सध्या संधी, नोंदणीनंतर बलस्थान.'

कामगारांच्या बाबतीत एकाच वाक्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत, त्या वेगळ्या कराव्यात. कामगार कमी येणे हा धोका आहे, कारण ते गावाहून कधी निघतील किंवा दुसरीकडे जातील, हे आपल्या हातात नाही. झेला, म्हणजे फळ उतरवायची जाळी लावलेली काठी, धरून देठासकट फळ उतरवू शकणारी आपल्या गावातली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, ही उणीव आहे. दोन्ही नोंदी कराव्यात, आणि शक्य असल्यास समोरासमोर.

ही समोरासमोर मांडणी म्हणजे माझी कल्पना नव्हे. व्यवस्थापनाचे अभ्यासक हाइन्ट्स वाइहरिच यांनी 1982मध्ये चारही घरांच्या जोड्या लावण्याची पद्धत मांडली. संधीसमोर कोणते बलस्थान ठेवता येते, धोका आणि उणीव एकत्र आल्या तर काय करायचे, असे त्यात विचारले जाते आणि चार याद्यांमधून करायच्या कामांची यादी निघते. आपल्या उदाहरणात त्या जोडीतून निघणारे काम म्हणजे काढणीचे प्रशिक्षण. ते हंगामात देता येत नाही. मोहोर येण्यापूर्वी, पावसाळा संपता संपता द्यावे लागेल, म्हणून त्याची तारीख आणि खर्च त्याच पानावर लिहावा.